कॅलरिकमध्ये ४२ टक्के कमजोरी, व्हीएचआयटी मात्र नॉर्मल: यातलं खरं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६४. गेल्या काही महिन्यांत त्यांना चार-पाच वेळा घर फिरल्यासारखी चक्कर आली, उलट्या झाल्या आणि दर वेळी दोन-तीन तासांनी सगळं शांत झालं. त्या वेळी उजव्या कानात घूं असा आवाज येतो आणि कान दडे बसल्यासारखा वाटतो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. तोलाच्या चाचण्यांमध्ये कॅलरिकला (कानात गार-गरम पाणी सोडून होणारी चाचणी) उजवीकडे ४२ टक्के कमजोरी, व्हीएचआयटी (डोक्याला झटका देऊन डोळ्यांची हालचाल टिपणारी) दोन्ही बाजूंना नॉर्मल आणि सर्व्हायकल व्हेम्प (आवाज देऊन मानेच्या स्नायूचा प्रतिसाद बघणारी) दोन्हीकडे अनुपस्थित, असा रिपोर्ट आला. एका डॉक्टरांनी कान खराब आहे म्हटलं. दुसऱ्यांनी सांगितलं की व्हीएचआयटी ही नवी चाचणी आहे आणि ती नॉर्मल आहे, म्हणजे कान ठीक आहे. मग कोणता रिपोर्ट खरा मानायचा?

तिन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. कॅलरिक कमी आणि व्हीएचआयटी नॉर्मल ही जोडी आम्हाला चांगली ओळखीची आहे आणि तिचा अर्थ बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्यासाठी या चाचण्या नेमकं काय मोजतात ते आधी बघू.

प्रत्येक अंतःकर्णात तोलाचे पाच संवेदक असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळलं की ते टिपतात. युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. दोन्ही कान मिळून दहा. आता हिशेब करा: कॅलरिक यातल्या फक्त दोन संवेदकांना हात लावते, दोन्हीकडच्या आडव्या नलिकांना. व्हीएचआयटी नीट केली तर सहाही नलिका तपासते. दोन प्रकारचे व्हेम्प मिळून उरलेल्या चार पिशव्यांबद्दल सांगतात. दहाच्या दहा संवेदक तपासणारी एकच चाचणी अस्तित्वात नाही. म्हणून एक चाचणी नॉर्मल आली म्हणजे कान नॉर्मल, हे विधान मुळातच टिकत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. आडवी नलिका एकच असली तरी कॅलरिक तिला अतिशय संथ उत्तेजन देते, सुमारे ०.००३ हर्ट्झचं, म्हणजे जणू डोकं एकदा इकडून तिकडे जाऊन परत यायला पाच मिनिटं लागावीत इतकं. रोजच्या आयुष्यात एवढ्या संथपणे कुणीच डोकं हलवत नाही. व्हीएचआयटीमध्ये उलट आहे: सेकंदाच्या छोट्याशा अंशात डोक्याला झटका बसतो. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, खालचे सूर ऐकू येत नाहीत आणि वरचे येतात, तेव्हा आपण मशीन खोटं बोलतंय असं म्हणत नाही. तोलाच्या अवयवालाही असेच खालचे आणि वरचे सूर असतात.

आता कॅलरिक जवळून बघू. रॉबर्ट बारानी या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की कान धुताना पाणी शरीराच्या तापमानाचं नसेल तर रुग्णाला चक्कर येते आणि डोळे ठरावीक दिशेला झटके देतात. गार आणि गरम पाण्याने दिशा उलटते, हेही त्यांनी पाहिलं. तोलाच्या यंत्रणेवरच्या या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आज चाचणी ज्या रूपात होते ते फिट्झेराल्ड आणि हॉलपाइक यांनी १९४२ मध्ये बसवलं: शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सियसचं पाणी, दोन्ही कानांत आळीपाळीने, एकूण चार वेळा. रुग्णाला उताणं झोपवून डोकं ३० अंश वर उचलतात, त्यामुळे आडवी नलिका उभी होते. कानाच्या भिंतीतून तापमान नलिकेपर्यंत पोहोचतं, आतला द्रव वर किंवा खाली सरकतो आणि मेंदूला डोकं फिरत असल्याचा संदेश जातो. १९८३ मध्ये अंतराळात, जिथे द्रव असा वर-खाली सरकायला नको, तिथेही हा प्रतिसाद मिळाला होता. म्हणजे तापमानाचा थेट परिणामही यात असणार. रुग्णासाठी त्याने फरक पडत नाही, पण एवढ्या जुन्या चाचणीतही समजून घ्यायला काही उरलेलं असतं हे मला फार आवडतं.

डोळ्यांवर काळोखी गॉगल आणि आत इन्फ्रारेड कॅमेरा असतो. पाणी सोडल्यावर थोड्या वेळाने डोळे एका बाजूला हळू सरकू लागतात आणि झटक्याने परत येतात. यालाच निस्टॅग्मस म्हणतात. आम्ही मोजतो तो संथ सरकण्याचा सर्वोच्च वेग, अंश प्रति सेकंदात. त्या वेळी तंत्रज्ञ रुग्णाला उलटे आकडे किंवा नावं विचारत राहतो. कुणाला ते गमतीचं वाटतं, पण ते फार गरजेचं आहे. मन रिकामं किंवा पेंगुळलेलं असेल तर निस्टॅग्मस दबतो आणि चांगला कान कमजोर दिसतो. शेवटी गॉगलमधला एक छोटा दिवा लावून त्याकडे बघायला सांगतात. नजर स्थिर केल्यावर हा निस्टॅग्मस दबायला हवा. दबला नाही तर कानापेक्षा लहान मेंदूकडे लक्ष द्यावं लागतं.

टक्के कसे निघतात ते बघा. समजा उजव्या कानात गरम पाण्याला १२ आणि गारला १० अंश प्रति सेकंद आले, डाव्यात २८ आणि २६. उजव्याची बेरीज २२, डाव्याची ५४, फरक ३२, एकूण ७६. ३२ भागिले ७६ म्हणजे ४२ टक्के. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या वरचा फरक आम्ही अर्थपूर्ण मानतो आणि प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. त्यामुळे आईंचा आकडा सीमेवरचा नाही. तरीही नुसती टक्केवारी वाचू नका, रिपोर्टातले चार मूळ आकडे बघा. उजवीकडचे गरम आणि गार दोन्ही कमी असतील तर कमजोरी खरी. चारपैकी एकच आकडा पडलेला असेल तर पाणी पडद्यापर्यंत गेलं नसेल, कानात मळ असेल किंवा आई त्या वेळी झोपेला आल्या असतील. अशा वेळी तेवढं एक उत्तेजन पुन्हा करून बघायला हवं होतं.

टक्केवारीची आणखी एक फसवणूक आहे आणि ती जास्त धोकादायक. उजवीकडे २ आणि ३, डावीकडे ३ आणि २ आले तर फरक शून्य टक्के. रिपोर्टावर ‘कमजोरी नाही’ असं छापून येतं, प्रत्यक्षात दोन्ही कान जवळपास निकामी असतात. एका कानाच्या गरम-गार वेगांची बेरीज दोन्ही बाजूंना ६ पेक्षा कमी असेल तर ते दोन्हीकडच्या तोलनाशाचं लक्षण मानतात. अशा रुग्णाला बहुतेक वेळा गरगरत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच गप्प असतात. अंधारात किंवा मऊ जमिनीवर पाय डगमगतात आणि चालताना समोरच्या पाट्या उड्या मारतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही इंजेक्शनं याचं एक मोठं कारण आहेत, आणि ऐकणं शाबूत राहूनही तोल जाऊ शकतो. स्ट्रेप्टोमायसिनने तोल गेलेल्या एका डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे: नाडीच्या ठोक्याने डोकं एवढंसं हलायचं तरी पुस्तकातली अक्षरं नाचायची, म्हणून वाचताना तो पलंगाच्या दोन लोखंडी दांड्यांमध्ये डोकं टेकवून धरायचा. या चाचण्या शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. तो शून्य टक्क्यांचा रिपोर्ट अशाच माणसाच्या हातात पडत असतो.

व्हीएचआयटीचं मूळ १९८८ मध्ये हॅलमागी आणि कर्थॉइस यांनी वर्णन केलेल्या खाटेजवळच्या साध्या तपासणीत आहे. रुग्णाने समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवायची आणि तपासणाऱ्याने त्याचं डोकं अचानक १० ते २० अंश वळवायचं, कोणत्या बाजूला ते न कळू देता. कान चांगला असेल तर डोकं उजवीकडे जाताच डोळे तेवढ्याच वेगाने डावीकडे जातात आणि नजर बिंदूवरून हलत नाही. हा प्रतिक्षेप सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात सुरू होतो. कान कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग झटक्याने बिंदूकडे परत येतात. हा परतीचा झटका, सॅकेड, साध्या डोळ्यांनीही दिसतो. पण काही रुग्णांमध्ये तो डोकं हलत असतानाच होऊन जातो आणि उघड्या डोळ्यांना कळत नाही. तो पकडण्यासाठी वेगवान कॅमेऱ्याचा गॉगल २००९ च्या सुमारास आला.

डोळ्याच्या आणि डोक्याच्या वेगाचं गुणोत्तर म्हणजे गेन. आडव्या नलिकेसाठी तो १ च्या आसपास असतो. ०.८ च्या खाली गेला आणि सोबत सॅकेड दिसले, तर नलिका कमजोर आहे असं म्हणतात. ही चाचणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. गॉगलचा पट्टा सैल असेल, किंवा डोकं वळवताना बोट पट्ट्याला लागलं, तर गेन फुगतो. १.३ किंवा १.४ असा गेन दिसला तर मी आधी पट्टा तपासतो. डोकं हळू वळवलं तर दुसरा, चांगला कान काम भागवून नेतो आणि आजारी बाजू लपते. वेगवान झटक्यात मात्र विरुद्ध बाजूच्या कानाचे संदेश शून्यावर येऊन अडतात, त्याखाली ते जाऊच शकत नाहीत, आणि ज्या बाजूला डोकं वळलं त्या कानाला एकट्याने काम करावं लागतं. व्हीएचआयटीची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे. म्हणून रिपोर्टवर फक्त गेनचा आकडा असेल तर आलेख मागून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कॅलरिक कमी आणि व्हीएचआयटी नॉर्मल हे चित्र मेनिअर आजारात वारंवार दिसतं. त्या आजारात आतल्या द्रवाचा दाब वाढून नलिका फुगते. एक मान्यता अशी की फुगलेल्या नलिकेत गरम-गार झालेला द्रव जागच्या जागीच घुटमळतो आणि संवेदकावर पुरेसा दाब देत नाही, म्हणून कॅलरिक पडते. डोक्याच्या जोरदार झटक्याला मात्र ती नलिका नेहमीसारखी उत्तर देते. अर्धशिशीशी संबंधित चक्करेत दोन्ही चाचण्या बहुधा नॉर्मल किंवा किंचित इकडेतिकडे असतात. तोलाच्या मज्जातंतूला सूज आली तर ताज्या काळात दोन्ही पडतात, पण ती चक्कर दोन-तीन तासांत जात नाही, दिवसचे दिवस चालते. आईंचे झटके दोन-तीन तासांचे आहेत, उजवा कान दडपतो, त्यातच घूं ऐकू येतं आणि कमजोरीही उजवीकडेच आहे. मी समोर बसलो असतो तर मेनिअरची शक्यता सगळ्यात वर लिहिली असती.

तुमच्या कागदांत एक गोष्ट नाही आणि तिच्यावाचून हे निदान होत नाही: ऑडिओमेट्री. निश्चित मेनिअर म्हणायला २० मिनिटं ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके लागतात, त्या कानात चढउतार होणाऱ्या तक्रारी लागतात आणि खालच्या किंवा मधल्या सुरांमध्ये ऐकण्याची घट चाचणीवर दिसावी लागते. ही घट सुरुवातीला येते-जाते, म्हणून झटक्यानंतर लगेचच्या दिवसांत एकदा आणि कान मोकळा वाटत असताना पुन्हा एकदा तपासा. चक्करेच्या रुग्णाची ऑडिओमेट्री राहून जाते आणि त्याआधी मानेचे एक्स-रे होतात, हे मला मनापासून खटकतं. साठीनंतर मानेच्या मणक्यांची झीज जवळपास सगळ्यांच्या फोटोत दिसते. त्यावरून चक्करेचं कारण ठरत नाही.

एमआरआयबद्दलही एक प्रश्न डॉक्टरांना विचारा: तो फक्त मेंदूचा होता की अंतःकर्णाच्या मज्जातंतूच्या मार्गाचे बारीक काप घेतले होते? एका बाजूची कॅलरिक कमजोरी आणि त्याच बाजूला ऐकण्याची घट असेल, तर त्या मज्जातंतूवरची छोटी, कर्करोग नसलेली गाठ वगळावी लागते. साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ती सुटू शकते.

सर्व्हायकल व्हेम्प दोन्हीकडे आलं नाही, याने घाबरू नका. या चाचणीत कानात ५०० हर्ट्झच्या आसपासचा मोठा, तुटक आवाज देतात आणि मानेच्या ताणलेल्या स्नायूत क्षणभर पडणारी ढील टिपतात. हा संदेश सॅक्युलमधून खालच्या तोल-मज्जातंतूवाटे येतो. साठीनंतर अनेक निरोगी माणसांमध्येही तो मिळत नाही. मान पुरेशी वळवून, उचलून ताणली नसेल तर तरुणातही मिळत नाही. मधल्या कानात पाणी किंवा पडद्याला छिद्र असेल तर आवाज आतपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे ६४ व्या वर्षी दोन्हीकडे अनुपस्थित या ओळीवरून मी काहीच ठरवणार नाही. व्हेम्प खरी कामाला येते ती उलट चित्रात, म्हणजे लहान आवाजालाही प्रचंड प्रतिसाद आला तर. वरच्या नलिकेवरचं हाड झिजून उघडं पडलेल्या रुग्णांत असं होतं. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात काही माणसांना स्वतःची बुबुळं फिरण्याचा आवाज ऐकू येतो. वर्षानुवर्षं त्यांचं कुणी खरं मानलेलं नसतं आणि मग एका आलेखावर ते दिसतं.

फिरती खुर्ची आणि उभं राहून तोल मोजणारा प्लॅटफॉर्म यांची आईंना आत्ता गरज दिसत नाही. खुर्ची दोन्ही कानांच्या नाशाची खातरजमा करायला चांगली. प्लॅटफॉर्म बिघाड कुठे आहे ते सांगत नाही, पण व्यायामाने सुधारणा होतेय का ते छान दाखवतो.

यंत्राशिवाय होणारी एक तपासणी झाली होती का, हे मात्र नक्की विचारा: डिक्स-हॉलपाइक. डोकं ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन मागे झोपवायचं, डोकं कडेखाली थोडं लोंबतं ठेवायचं आणि डोळे बघत राहायचं. मागच्या नलिकेत कॅल्शियमचे कण सुटलेले असतील तर काही सेकंद काहीच होत नाही, मग डोळे वरच्या दिशेने आणि गोल फिरत झटके देऊ लागतात आणि मिनिटाच्या आत थांबतात. कुशीवर वळताना काही सेकंद येणाऱ्या चक्करेचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे आणि एप्लीच्या पद्धतीने डोकं फिरवून ते बहुतेकदा तिथल्या तिथे बरं होतं. मेनिअरच्या रुग्णालाही हे कण त्रास देऊ शकतात. त्यामुळे आईंना दोन-तीन तासांच्या झटक्यांशिवाय अंथरुणात वळताना वेगळी, छोटी चक्कर येते का, ते त्यांना विचारा.

पुढची चाचणी ठरली तर गोळ्यांकडे लक्ष द्या. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन यांसारखी चक्कर दाबणारी औषधं निस्टॅग्मसही दाबतात, म्हणून साधारण ४८ तास आधी डॉक्टरांना विचारून थांबवतात. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या बऱ्याच काळापासून चालू असतील तर त्याही एकदम बंद करू नका. चाचणी नसली तरी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. वयस्कर माणसांत त्यांनी हात थरथरणं, चाल मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास होतात, आणि मेंदूची नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमताही मंदावते.

‘व्हीएचआयटी नॉर्मल म्हणजे सगळं ठीक’ या वाक्याबद्दल एक इशारा दिल्याशिवाय राहवत नाही. ज्याला तासन्‌तास, सतत चक्कर चालू आहे आणि उभं राहवत नाही, त्याच्यात डोक्याच्या झटक्याची तपासणी नॉर्मल येणं ही वाईट बातमी असते. कानाचा आजार असता तर ती बिघडली असती. नॉर्मल असेल तर लहान मेंदूच्या किंवा ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) स्ट्रोकचा संशय घ्यायचा. त्यासोबत निस्टॅग्मसची दिशा नजरेबरोबर बदलते का आणि एक डोळा झाकून उघडला की तो वर-खाली सरकतो का, हेही बघतात. ही तिहेरी तपासणी जाणकाराने केली तर पहिल्या ४८ तासांत एमआरआयपेक्षाही भरवशाची ठरू शकते, कारण सुरुवातीचा एमआरआय असा स्ट्रोक चुकवू शकतो. पण ती चक्कर चालू असतानाच करायची असते. आईंची व्हीएचआयटी बरं वाटत असताना झाली, त्यामुळे तिला हा अर्थ लागू होत नाही.

पुढचा झटका आला तर दोन कामं करा. फोनचा कॅमेरा आईंच्या दोन्ही डोळ्यांवर धरा, उजेड पुरेसा ठेवा आणि समोर, उजवीकडे, डावीकडे अशी प्रत्येकी दहाएक सेकंद नजर ठेवायला सांगा. झटक्याच्या सुरुवातीला एकदा आणि तासाभराने पुन्हा चित्रण करा, कारण मेनिअरमध्ये निस्टॅग्मसची दिशा झटक्यादरम्यान उलटू शकते आणि ती दवाखान्यात पोहोचेपर्यंत हातून गेलेली असते. आणि त्या वेळी बोलणं अडखळलं, वस्तू दोन दिसल्या, हात-पाय किंवा चेहरा लुळा पडला, असह्य डोकेदुखी झाली किंवा आधार देऊनही बसता येईना, तर चित्रण बाजूला ठेवून तडक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.